अयोध्या शपथ घेत नाही

अयोध्या तरुणपणी अट्टल लबाड होती. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढं लोकांनी तिला इतकं डोक्यावर घेतलं की ती जन्मतःच देवमाणूस होती असं कुणालाही वाटावं. कसलं देवमाणूस! मुरूमजवळच्या बोरकोटच्या मांगवाड्यात ती लग्न होऊन आली, तेव्हा सासूचं लोणचं खायची आणि मांजराचं नाव सांगायची. "मांजर लोणचं खातंय व्हय गं, भवाने?" म्हणून सासू ओरडली, तर ही शांतपणे म्हणायची, "आपलं खातंय, आत्याबाई, म्या डोळ्यांनी बघितलं, देवीची शप्पथ." शपथ तर जिभेच्या टोकावर. आईची शपथ, भाकरीची शपथ, दिव्याची शपथ. उचलली जीभ, लावली टाळ्याला. नवरा बिभीषण घायपात कुटून त्याच्या वाखाची दोरखंडं वळायचा. अंगानं धिप्पाड आणि स्वभावानं गरीब गाय. त्याला बायकोच्या थापांचं कौतुकच होतं. "माझी अयोध्या बोलाय लागली की पोलिसाच्या डोळ्यांतबी पाणी येतंय," असं तो बाजारात सांगायचा आणि स्वतःच हसायचा.

पहिला मुलगा झाला आणि तो रांगायला लागला, त्या सुगीतली गोष्ट. पाटलाच्या रानातून ज्वारीची कणसं ओच्यात घालून येताना राखणदारानं तिला बांधावर गाठलं. कडेवर पोर होतं. अयोध्येनं त्याच्या टाळूवर हात ठेवला आणि म्हणाली, "ह्या लेकराच्या गळ्याची आण, म्या कणसाला हात लावला न्हाय." राखणदार वरमला. आई लेकराची खोटी आण घेईल कशी? त्यानं तिला जाऊ दिलं. संध्याकाळी नवरा-बायकोनं कणसं भाजली, हुरडा खाल्ला, बिभीषणानं राखणदाराची नक्कल केली आणि दोघं पोट धरून हसले.

त्याच आठवड्यात पोराला ताप भरला, घसा सुजला, दूध उतरेना. दोन रात्रींत पोर गेलं. मातीहून परत आल्यावर सासूनं सगळ्या वाड्यादेखत सांगून टाकलं, "हिनं आण खाल्ली, अन् आणीनं लेकरू खाल्लं." कुणी 'न्हाय' म्हणालं नाही. बिभीषणसुद्धा खाली मान घालून बसला. अयोध्येची वाचाच गेली म्हणा ना. महिनोन्महिने ती कामापुरतंसुद्धा बोलत नव्हती. विचारलं तर मान हलवायची.

मग मिशनच्या सिताबाई आल्या. सोलापूरकडच्या ह्या बाई, केस पिकलेले, पायात वहाणा. बैलगाडीतून गावोगाव जायच्या, हिवतापाच्या गोळ्या द्यायच्या, लिंबाखाली बसून बायकांना अक्षरं शिकवायच्या आणि प्रभू येशूचं शास्त्र वाचून दाखवायच्या. अयोध्या डोळ्यांत घालायचं औषध मागायला गेली आणि लिंबाच्या बुंध्यापाशीच बसून राहिली. बायका पांगल्यावर तिनं एकच विचारलं, "तुमच्या शास्त्रात खोट्या शपथंला काय शिक्षा हाय, बाई?"

सिताबाईंना मागचं काही ठाऊक नव्हतं. त्या सरळ म्हणाल्या, "शिक्षेचं राहू दे. आमच्या प्रभूनं शपथ घ्यायचीच मना केलीय. आभाळाची नको, जमिनीची नको, स्वतःच्या डोक्याचीसुद्धा नको. व्हय तर व्हय म्हणावं, न्हाय तर न्हाय. त्याच्यावर काही जोडू नये."

अयोध्या ढसाढसा रडली. तिला वाटलं, हे आपल्याला कुणी दोन वर्षं आधी सांगितलं असतं तर! सिताबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि तिला जवळ घेतलं. "पोर तापानं गेलं गं बाई, देव असा लेकरं खात नाही," असं त्यांनी परोपरीनं सांगितलं. अयोध्येनं मान हलवली खरी, पण ते काही तिच्या आत उतरलं नाही. शपथ घ्यायची नाही, हे मात्र कायमचं उतरलं.

पुढं ती अक्षरं शिकली, बोट ठेवून ठेवून शास्त्र वाचायला लागली आणि पाद्रीसाहेब आले तेव्हा ओढ्यात उतरून बाप्तिस्मा घेतला. तिच्या मागोमाग बिभीषणही उतरला. त्याला शास्त्रातलं फारसं कळत नव्हतं. बायको पुन्हा बोलायला लागली, हसायला लागली, एवढं त्याला पुरेसं होतं. पाद्रीसाहेबांनी त्याचं नाव बर्नबा ठेवलं. ते नाव कधी कुणी वापरलं नाही, त्यानं स्वतःसुद्धा. गावचे पाटील शरणप्पा म्हणाले, "पूजा कुणाचीबी करा, कासरे वेळंवर द्या." खरी आग लागली ती भावकीत. मरीआईचा नवस अयोध्येनं नाकारला, त्या दिवशी दिरानं तिची चूल पायानं फोडली आणि सासूनं तिच्या डोक्यावर राख ओतली. वाड्यात कुणी विस्तव देईना, कुणी तिच्या सावलीला उभं राहीना. माणसं ज्या काठीनं स्वतः मार खातात, तीच काठी हाती आली की ती कुणावर उगारावी याला काही धरबंद राहत नाही. शेवटी दोघांनी ओढ्यापलीकडं पाचटाचं खोपट घातलं आणि तिथं राहिली.

आता ही बाई खरं बोलायला लागली म्हणजे किती? वैताग यावा इतकं. मुरूमच्या बाजारात बिभीषण दावी मांडून बसायचा. गिऱ्हाईक हात लावायचा अवकाश, ही म्हणायची, "ते नका घिऊ दादा, त्याचा वाख जुना हाय, पावसाळ्यात कुजंल." बिभीषण कपाळावर हात मारून घ्यायचा.

"अगं, त्यानं इचारलंय का तुला?"

"तोंडानं न्हाय इचारलं. मनात हाय त्येच्या."

"मनातलं मनात ऱ्हाऊ दे की! प्रभूनं गिऱ्हाईक पळवाय सांगितलंय व्हय?"

पण गंमत अशी की गिऱ्हाईक पळालं नाही, उलट वाढलं. अयोध्या चांगलं म्हणते ते दावं चांगलं, अशी त्या भागात बोलवा झाली. बिभीषण कुरकुरायचा आणि मनातून फुगायचा. त्यांना पुन्हा मूल झालं नाही. पण ती वर्षं दोघांची सुखाची होती, आणि तेवढीच.

पुढं एका उन्हाळ्यात शरणप्पा पाटलांचा खिलारी बैल गोठ्यातून गेला. जोडीतला एक. दावं कापलेलं नव्हतं, गाठ सोडून बैल नेला होता, आणि नवी दावी आदल्याच दिवशी बिभीषणानं स्वतः गोठ्यात बांधून दिली होती. झालं! गावात सगळीच दावी बिभीषणाच्या हातची होती, त्याच्या गाठी शेंबड्या पोरालाही सोडता येत होत्या, पण हे बोलणार कोण? पाटलांनी जुन्या रीतीप्रमाणं गोठ्यात वावर असलेल्या सगळ्यांना खंडोबाच्या देवळासमोर बेलभंडार उचलायला लावला. बेलाचं पान आणि भंडारा हातात घ्यायचा आणि 'मी नेला असेल तर देव माझं बरंवाईट करो' म्हणायचं. पहिला हात पुढं केला पाटलांचा पुतण्या रेवणप्पानं. मग सालगडी, मग गुराखी. बिभीषणही पायरीखालून हात पसरून उभा होता. त्याला काय, तो एका पायावर शपथ घ्यायला तयार होता. पण गुरवानं भंडारा मागं घेतला. "यानं देव सोडलाय. देव सोडलेल्याला देवाचं भ्या कसलं? याची शपथ धरायची न्हाय."

मग मुरूमच्या ठाण्यातून दस्तगीर जमादार आला. निजामाच्या पोलिसांत जन्म घालवलेला माणूस, पोट सुटलेलं, आवाज बसका. त्याच्या मनात बिभीषणाविषयी राग नव्हता, लोभ नव्हता. चोरी झाली की कुणाला तरी बांधायचं आणि कबूल होईपर्यंत मारायचं, एवढं त्याला ठाऊक. चावडीसमोर बिभीषणाला त्याच्याच हातच्या दोरानं खांबाला बांधला. त्या रात्री कुठं होतास, तर घरी होतो. साक्षीला कोण, तर बायको.

अयोध्या आधीच येऊन उभी होती. भेदरून तिनं खोपटातलं शास्त्र उचललं होतं आणि छातीशी धरलं होतं. पाटलांनी विचारलं, "अयोध्ये, बैल गेला त्या रातीला तुझा नवरा कुठं हुता?"

"घरात हुता, मालक. माझी दाढ ठणकत हुती, म्या जागीच हुते. त्येनंच लवंग कुटून दिली. उजाडोस्तर उठला न्हाय."

पाटील वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, "तुझं बोलणं आमी मानतू. पर समद्यांनी शपथ घेतली, तूबी घे. तुझी धरतू आमी. पुस्तक हातातच हाय तुज्या. त्याच्यावर हात ठिव, बोल, अन् सोडवून ने नवऱ्याला."

जमादारानंही मान डोलावली. "हां, हां. जिसकी जो किताब. बोल के छुट्टी कर."

सगळ्यांना हायसं वाटलं. बिभीषण तर हसलाच. उन्हाची वेळ, जो तो घरी जायला उतावीळ, आणि चार शब्दांत काम होतंय. अयोध्या मात्र पुस्तकाकडं बघत राहिली. मग म्हणाली, "मालक, ह्याच पुस्तकात लिवलंय, शपथ घिऊ नका म्हणून. म्या व्हय म्हणले, तेच माझं व्हय. हुता घरात."

"खरं हाय ना?"

"खरं हाय."

"मग खऱ्याची घ्यायला काय जातंय तुझ्या बाचं?" रेवणप्पा मागून खेकसला.

जमादार हसला. "अजब औरत है," म्हणाला आणि त्यानं काठी उचलली. पहिले तडाखे पाठीवर बसले. बिभीषणानं ते सोसले. अयोध्येकडं बघून डोळ्यांनीच म्हणाला, असू दे. मग काठी खुब्यावर आली. दर तडाख्यामागं जमादार तिच्याकडं वळून विचारायचा, "लेती?" आणि ही म्हणायची, "म्या खरं सांगितलं, सायेब." बिभीषण ओरडायला लागला. आधी आईच्या नावानं, मग प्रभूच्या नावानं, मग बायकोच्या नावानं. "अयोध्ये, अगं खरंच हाय की! घे की गं! पाया पडतू तुझ्या, घे!"

तिनं घेतली नाही. काय म्हणावं या बाईला? दगड म्हणावं, तर तिच्या पायांखालची धूळ तिच्या आसवांनी भिजली होती. तिच्या मनात प्रभूचं बोलणं होतं हे खरं. पण त्याच्याखाली आणखी एक होतं. तोंडातून शपथ निघाली की बिभीषण जाणार, पोर गेलं तसा, असं तिला वाटत होतं. श्रद्धा कुठं संपत होती आणि भीती कुठं सुरू होत होती, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. ती फक्त तोंड घट्ट मिटून उभी राहिली. मग खुब्यातून लाकूड मोडल्यासारखा आवाज आला आणि बिभीषणाची मान खाली पडली.

जमादारानं घाम पुसला, पाणी मागवलं, सावकाश प्यायला. "इसने नहीं लिया होगा," तो पाटलांना म्हणाला. "इतना मार खाके तो कबूल कर देता." दोर सोडायला सांगून तो तट्टूवर बसला आणि गेला.

त्या बैलाचं काय झालं? सांगतो. दिवाळीच्या आत उघडकीला आलं की तो रेवणप्पानंच सरहद्दीपलीकडच्या कानडी मुलखातल्या बाजारात विकला होता. भंडारा उचलताना त्याचा हात तसूभरही कापला नव्हता, आणि त्याला साधं पडसंसुद्धा झालं नाही. पाटलांनी घरातल्या घरात दोन थोबाडीत दिल्या आणि विषय मिटवला. आपला तो बाब्या! बिभीषणाकडं कुणी फिरकलंसुद्धा नाही. फक्त पाटलीणबाईंनी एक जुनी बाज पाठवून दिली, कारण आता त्याला जमिनीवरून उठता येणार नव्हतं.

खुबा वाकडाच जुळला. बिभीषण पुन्हा चालला नाही. पुढं पाद्रीसाहेब भेटीला आले, त्यांनी प्रार्थना केली आणि सगळी हकिकत ऐकून हळहळले. म्हणाले, "अयोध्याबाई, तुम्ही फारच ताणलंत. कोर्टात आम्ही सगळेच पुस्तकावर हात ठेवतो. गोरे साहेब लोकसुद्धा ठेवतात. खऱ्यासाठी तेवढं चालतं." चांगल्या मनानंच बोलले बिचारे. बाजेवरून बिभीषण मोठ्यानं हसायला लागला. त्याचं हसणं थांबेचना, तेव्हा पाद्रीसाहेब चहा अर्धा ठेवून उठले.

त्यानंतर घरातलं बोलणं बदललं. घायपात आता अयोध्या कुटायची, दोर ती वळायची, बिभीषण पडल्या पडल्या वाख विंचरून द्यायचा. त्याचं हगणंमुतणं ती काढायची. रोज संध्याकाळी त्याच्या बाजेपाशी बसून शास्त्र वाचायची, आणि तो छपराकडं बघत पडायचा. गावात तिचं नाव मात्र वाढत चाललं. नवऱ्याचा पाय गेला तरी बाई शपथंला वश झाली नाही, हिचं बोलणं म्हणजे दगडावरची रेघ! बांधाच्या भांडणात लोक तिला बोलावून न्यायला लागले. ज्या दिरानं चूल फोडली होती, तोही वाटणीच्या वेळी म्हणाला, "वैनी सांगंल तसं." एकदा ती अशीच कुणाचा तंटा मिटवून आली, तेव्हा बिभीषण म्हणाला, "पाय माजा गेला अन् नाव तुजं झालं."

ती घायपात कुटायला बसली. तोच थोड्या वेळानं म्हणाला, "ऱ्हाऊ दे. निदान खोटं बोलाय अन् शपथ घ्याय येत न्हाय तुला, एवढं तरी खरं हाय. माज्यासाठी आलं न्हाय, तर कुणासाठीच येणार न्हाय. त्येच्यावर म्या दिस काढतुया." माणूस कशावरही जगतो. बिभीषण ह्याच्यावर जगला.

मग अठ्ठेचाळीस साल उजाडलं. त्याच्या आधीचं वर्षभर रझाकारांनी मुलखात धुमाकूळ घातला होता, गंजी पेटवल्या होत्या, माणसं मारली होती. भाद्रपदात सोलापूरकडून हिंदी फौज आली, नळदुर्गावरून पुढं गेली, चार-पाच दिवसांत निजामाचं राज्य कोसळलं. आणि मग सूड सुरू झाला. रझाकार केव्हाच पळाले होते. हातात सापडले ते तांबोळी, पिंजारी, अत्तारवाले आणि आयुष्यभर कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेले गरीब मुसलमान. बोरकोटात हातात कुऱ्हाड घेऊन सगळ्यांत पुढं कोण होतं? रेवणप्पा. देशभक्ती अशी एकाएकी अंगात येते.

त्या दिवसांतली दुपार. अयोध्या खोपटापुढं दोर वळत होती. ओढ्यातून एक म्हातारा आला, चिखलानं भरलेला, एका हातानं खांदा दाबून धरलेला. बोटांमधून रक्त येत होतं. दस्तगीर जमादार. पोट आत गेलं होतं, दाढी पांढरी झाली होती, तरी तिनं त्याला आवाजावरून ओळखलं. "बाई, छुपा ले गे," तो म्हणाला. "पिच्छे आ रहे हैं."

त्यानं तिला ओळखलं नव्हतं. आयुष्यात इतक्यांना मारलेलं, कोण कोण ध्यानात ठेवायचं? खोपटाच्या दारात येऊन त्यानं आत बाजेवर पडलेला माणूस बघितला आणि कळवळून विचारलं, "क्या हुआ रे भाई तेरे पाँव को?"

बिभीषण त्याच्याकडं बघत राहिला. इतक्या वर्षांत अयोध्येनं नवऱ्याच्या तोंडावर असा उजेड बघितला नव्हता. तो गोड आवाजात म्हणाला, "पडलू हुतो, जमादार. या. हितं बाजंखाली शिरा. ह्यो वाकळंचा पदर खाली सोडा म्हंजी दिसणार न्हाय." म्हातारा मुकाट्यानं आत सरपटला.

मग बिभीषणानं बायकोकडं बघितलं. "आता ते येतील," हळूच म्हणाला. "तुला इचारतील. तू खोटं बोलत न्हाईस. व्हय ना, अयोध्ये?"

तिला कळलं. बिभीषणाला स्वतः बोट दाखवायचं नव्हतं, हाक मारायची नव्हती. तिचं खरं बोलणं त्याच्या पायासाठी वाकलं नव्हतं, तेच आता जमादाराला खाणार होतं, आणि मग बिभीषणाचा पाय फुकट गेला नव्हता असं होणार होतं. त्याला तेवढंच हवं होतं, आणि ते नवऱ्याला द्यायचं तर बाजेखालच्या म्हाताऱ्याचं डोकं द्यावं लागणार होतं. तिला प्रभूची आठवण झाली. शत्रूवर प्रीती करा म्हणणारा तोच, आणि व्हय तर व्हय म्हणा म्हणणारा तोच. दोन्ही एकाच दुपारी कशी करायची, हे पुस्तकात कुठं दिलेलं नव्हतं.

ओढ्यात पाणी उडाल्याचा आवाज आला. रेवणप्पा आणि त्याच्यामागं दहा-बारा जण, काठ्या, कुऱ्हाडी, एकाच्या हातात कोयता. "अयोध्ये, जमादार आला का हिकडं?"

"न्हाय," अयोध्या म्हणाली.

निम्मे लोक तिथंच वळले. अयोध्या न्हाय म्हणाली, म्हणजे न्हाय. एक जण तर म्हणाला, "चला रं, माळाकडं गेला आसंल." पण रेवणप्पा जागचा हलला नाही. खोटी शपथ किती हलकी असते हे त्याच्याइतकं त्या गावात कुणाला माहीत होतं? साध्या बोलण्यावर त्याचा विश्वास कसा बसावा? तो खोपटाच्या दाराशी आला, आत डोकावला. "पुस्तक आण तुजं," म्हणाला. "त्याच्यावर हात ठिव अन् सांग. न्हायतर आत शिरून एकेक गाडगं फोडतू."

"अरं, ती शपथ घेत न्हाय," मागून कुणीतरी बोललं. "नवऱ्यासाठी घेतली न्हाय तिनं."

"म्हणून तर म्हणतू. घेऊ दे."

अयोध्या आत गेली. कोनाड्यातून शास्त्र काढलं. बाजेजवळून जाताना तिनं बिभीषणाकडं बघितलं नाही. दारात उभी राहून तिनं पुस्तकावर हात ठेवला. "प्रभू येशूची शपथ," ती मोठ्यानं म्हणाली, "जमादार माझ्या घरात न्हाय. म्या त्येला बघितला न्हाय."

सगळ्यांच्या काठ्या खाली आल्या. रेवणप्पानंसुद्धा कुऱ्हाड खाली केली. जाता जाता त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्यानं तिला हात जोडले.

बिभीषणाला ओरडता आलं असतं. एक शब्द पुरला असता. पण मग त्या कुऱ्हाडीनं आधी अयोध्येचं डोकं उडवलं असतं, हे त्यालाही कळत होतं. तो ओठ चावत पडून राहिला. बाजेखालून म्हाताऱ्याच्या श्वासाचा आवाज येत होता आणि तो बिभीषणाला पाठीखालून ऐकू येत होता. दिवेलागणीपर्यंत तो ऐकत राहिला.

अंधार पडायला लागला तसा दस्तगीर बाहेर आला. अयोध्येनं त्याचा खांदा बांधून दिला, भाकरी दिली. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. बिभीषणाकडं वळून म्हणाला, "अल्ला तेरे पाँव को आराम दे, भाई," आणि ओढ्यात उतरून निघून गेला.

अयोध्या बाजेपाशी आली. त्याच्या पायांशी बसली, कपाळ बाजेच्या लाकडावर टेकलं. त्यानं शिव्या घालाव्यात, थुंकावं, असं तिला वाटत होतं. तो छपराकडं बघत होता. मग म्हणाला, "येतंय की गं तुला."

एवढंच म्हणाला. आवाजात राग नव्हता. तिनं त्याचे पाय धरले. एका पायाला कळलं, दुसऱ्याला कळलं नाही.

त्यानंतर बिभीषण चार वर्षं जगला. गावात अयोध्येचं नाव आणखीच मोठं झालं. ज्या बाईनं कधी शपथ घेतली नाही तिनं एकदाच घेतली, ती किती खरी असेल, असं लोक पोरांना सांगायचे. एका ख्रिस्तजयंतीला ती भर सभेत उभी राहिली आणि "म्या प्रभूची खोटी शपथ घेतली, माझी साक्ष कुणी धरू नका," असं रडत रडत सांगितलं. पाद्रीसाहेब म्हणाले, बघा, किती ही नम्रता. घरी आल्यावर तिनं ते बिभीषणाला सांगितलं. त्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं. त्यानं तिच्याशी बोलणं केव्हाच बंद केलं होतं. पाणी हवं असलं की तांब्या बाजेवर आपटायचा, आणि ती हातातला दोर टाकून उठायची.